नाट्यगृहातील आसनव्यवस्था: आराखडा कसा करावा

नाट्यगृहाच्या आसनव्यवस्थेचा आराखडा रंगमंचापासून सुरू करावा लागतो, खुर्च्यांच्या संख्येपासून नव्हे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते. नगरपालिका, शिक्षणसंस्था किंवा एखादे विश्वस्त मंडळ ‘हजार आसनांचे नाट्यगृह’ आधी जाहीर करते, तो आकडा वास्तुविशारदाच्या हाती देते आणि मग उपलब्ध जागेत त्या हजार खुर्च्या कशाबशा बसवल्या जातात. मागच्या रांगांना नटाचा चेहरा दिसत नाही, कडेच्या खुर्च्यांवरून अर्धे नेपथ्य झाकले जाते, आणि बाल्कनीखाली बसलेल्याला संवाद विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात. ही आसने तिकीटबारीवर सगळ्यांत शेवटी खपतात, बऱ्याचदा खपतच नाहीत. किती माणसे नीट पाहू-ऐकू शकतील हे मोजमापे सांगतात. आसनसंख्या हे त्या गणिताचे उत्तर आहे, ते गृहीत धरून चालत नाही.

पहिला निर्णय प्रयोगाच्या प्रकाराचा. गद्य नाटकात चेहऱ्यावरचे बारीक भाव आणि शब्द न् शब्द पोहोचायला हवा. नृत्याच्या कार्यक्रमात पावले दिसायला हवीत, म्हणजे रंगमंचाची जमीन दिसायला हवी. गाण्याच्या मैफलीत दिसण्याला थोडी सवलत देता येते, ऐकण्याला देता येत नाही. संगीत नाटकात ऑर्गन-तबल्याच्या साथीदारांना रंगमंचासमोर जागा लागते, म्हणून पुढच्या एक-दोन रांगा काढता-घालता येतील अशा ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रातील बहुतेक नाट्यगृहांना हे सगळे एकाच छताखाली करावे लागते, शिवाय व्याख्याने, शाळांची स्नेहसंमेलने आणि सत्कार-समारंभ असतातच. अशा वेळी सर्वांत कडक अट ज्या प्रयोगाची, त्याच्या मापाने आराखडा करावा. गद्य नाटक आणि नृत्य यांना जी जागा चालते, ती सत्काराला आपोआप चालते.

प्रेक्षक किती लांब बसू शकतो, हा प्रश्न या देशात फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवरच आहे. त्यात विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र असे तीन आकार आणि ज्येष्ठ, मध्यम, कनिष्ठ अशी तीन मापे सांगितली आहेत. ज्येष्ठ नाट्यगृह १०८ हातांचे, पण माणसांच्या प्रयोगासाठी भरत शिफारस करतो ती मध्यम आकाराची: ६४ हात लांब, ३२ हात रुंद. कारणही तो देतो. वास्तू फार मोठी झाली की आवाज विरतो आणि मुखावरचे भाव ओळखू येत नाहीत. एक हात म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर धरला, तर ६४ हात सुमारे २९ मीटर होतात. त्यातला अर्धा भाग प्रेक्षकांचा, म्हणजे शेवटचा प्रेक्षक रंगभागापासून साधारण साडेचौदा मीटरवर. याच ग्रंथात विटा आणि लाकूड वापरून पायऱ्यांसारखी चढती आसने करावीत असेही सांगितले आहे. प्रेक्षागृहांच्या ध्वनिरचनेविषयीचे १९६३ सालचे भारतीय मानक, आय. एस. २५२६, यापेक्षा सैल मर्यादा घालते: दर्शनी पडद्यापासून शेवटचे आसन सर्वसाधारणपणे २३ मीटरपेक्षा लांब नसावे. केवळ गद्य नाटकाचा विचार केला तर २० मीटरच्या आत राहणे अधिक चांगले. त्यापलीकडे डोळ्यांची हालचाल आणि ओठांवरचे हसू वाचणे कठीण जाते, आणि नटांना मागच्या रांगांसाठी अभिनय ठळक करावा लागतो.

पुढची मर्यादाही तितकीच महत्त्वाची. पहिल्या रांगेतल्या माणसाला रंगमंचावरची सर्वांत उंच महत्त्वाची गोष्ट पाहण्यासाठी नजर ३० अंशांपेक्षा जास्त वर करावी लागू नये. या हिशेबाने मानकात नाटकासाठी पहिली रांग पडद्यापासून सुमारे ३.६ मीटरवर आणि चित्रपटासाठी साडेचार मीटर किंवा अधिक अंतरावर सुचवली आहे. रंगमंचाची उंची जास्त असेल तर हे अंतर वाढवावे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.१२ मीटरवर असतो. रंगमंच त्याहून उंच केला, तर पहिल्या रांगेला जमिनीवर बसलेले पात्र दिसते, पण त्याच्याभोवतीची जमीन दिसत नाही, नर्तकीची पावले तर नाहीतच. ७५ ते ९० सेंटीमीटर ही रंगमंचाची सोयीची उंची आहे.

या दोन मर्यादा ठरल्या की रांगांची संख्या जवळजवळ आपोआप निघते. उदाहरणादाखल एक मध्यम नाट्यगृह घेता येईल. रंगमंचाची उंची ९० सेंटीमीटर, पडद्यापुढे रंगमंचाचा भाग १.२ मीटर, आणि रंगमंचाच्या कडेपासून पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचा डोळा ३ मीटरवर, म्हणजे पडद्यापासून ४.२ मीटरवर. दोन रांगांमधले अंतर एका खुर्चीच्या पाठीपासून पुढच्या खुर्चीच्या पाठीपर्यंत ९५ सेंटीमीटर. मध्ये एक आडवी वाट १.२ मीटरची. २३ मीटरची मर्यादा पाळली तर १९ रांगा बसतात. दोन उभ्या वाटांमध्ये १४ आणि दोन्ही बाजूंना सात-सात अशा २८ खुर्च्या एका रांगेत धरल्या, तर ५३२ आसने होतात. पुढच्या रांगा थोड्या आखूड ठेवाव्या लागतात, चाकाच्या खुर्चीसाठी आणि ध्वनियंत्रणेसाठी काही जागा सोडावी लागते. हाती उरतात साधारण पाचशे चांगली आसने. एका प्रेक्षकामागे वाटा धरून ०.६ ते ०.९ चौरस मीटर जागा लागते, या मानकातल्या मापाशीही हे जुळते. हजाराचा आकडा हवाच असेल तर एक तर सभागृह रुंद करून कडेची आसने बिघडवायची, नाही तर मागे वाढवून चेहरे गमवायचे, किंवा बाल्कनी करायची. पुण्याचे १९६८ सालचे बालगंधर्व रंगमंदिर सुमारे हजार आसनांचे आहे, तेही बाल्कनी धरून. ज्या गावात नाटकाचे प्रयोग महिन्याला मोजकेच होतात, तिथे पाचशे-सहाशे आसनांचे बाल्कनी नसलेले नाट्यगृह हजारांच्या नाट्यगृहापेक्षा अधिक उपयोगी ठरते. त्यात प्रत्येक तिकीट विकण्याजोगे असते, वातानुकूलनाचा खर्च कमी येतो, आणि तीनशे प्रेक्षक आले तरी सभागृह ओस वाटत नाही.

आता चढाची गोष्ट. आसनव्यवस्थेत सर्वांत जास्त चुका याच ठिकाणी होतात, आणि त्या नंतर सुधारता येत नाहीत, कारण चढ काँक्रीटमध्ये ओतलेला असतो. तत्त्व सोपे आहे. प्रत्येक प्रेक्षकाची नजर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून रंगमंचाच्या कडेपर्यंत पोहोचली पाहिजे. डोळ्यापासून डोक्याच्या माथ्यापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर अंतर असते, म्हणून ही नजरेची रेषा पुढच्याच्या डोळ्याच्या पातळीपेक्षा तेवढी वरून जायला हवी. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावल्या, म्हणजे मागच्या रांगेतला माणूस पुढच्या दोघांच्या मधून पाहू लागला, तर ८ सेंटीमीटर चालतात. आय. एस. २५२६ मध्ये ध्वनीच्या मार्गासाठीही हेच दोन आकडे दिले आहेत. जिथे नजर पोहोचते तिथे आवाजही थेट पोहोचतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

हिशेब रांगेमागून रांग करायचा असतो. एका रांगेतल्या डोळ्याची रंगमंचाच्या कडेपेक्षा जेवढी उंची, तिच्यात ८ किंवा १२ सेंटीमीटर मिळवावेत. आलेल्या संख्येला मागच्या रांगेच्या अंतराने गुणून पुढच्या रांगेच्या अंतराने भागावे. ही मागच्या रांगेतल्या डोळ्याची उंची. अंतर नेहमी रंगमंचाच्या कडेपासून मोजावे. वरच्या उदाहरणात पहिल्या रांगेचा डोळा रंगमंचाच्या कडेपेक्षा २२ सेंटीमीटर वर आहे. ८ सेंटीमीटर धरून हिशेब केला तर दुसरी रांग पहिलीपेक्षा सुमारे १८ सेंटीमीटर उंच येते, दहावी रांग नवव्या रांगेपेक्षा २७ सेंटीमीटर, आणि एकोणिसावी अठराव्या रांगेपेक्षा ३१ सेंटीमीटर. आडवी वाट बाजूला ठेवली तर एकूण चढ ४.७ मीटर होतो. १२ सेंटीमीटर धरले तर तोच चढ सुमारे साडेसहा मीटरवर जातो आणि शेवटच्या पायरीची उंची ४३ सेंटीमीटर होते. खुर्च्या एकाआड एक सरकवून लावल्याने जवळपास पावणेदोन मीटर उंची वाचते, ती एवढ्यासाठी.

या आकड्यांवरून दिसते की चढ सरळ उताराचा नसून मागे मागे वाढत जाणारा हवा. स्कॉटिश अभियंता जॉन स्कॉट रसेल याने १८३८ मध्ये हीच वक्ररेषा गणिताने मांडली, आणि तेव्हापासून ती जगभर वापरात आहे. तरीही अनेक सभागृहांत सरसकट एकच उतार दिला जातो, कारण तो बांधायला सोपा असतो. मानकात चढाचा कोन ८ अंशांपेक्षा कमी नसावा असे म्हटले आहे. हे वाचून ८ अंशांवर थांबणारे पुष्कळ आहेत, पण ती किमान मर्यादा आहे, पुरेपणाची हमी नव्हे. वरच्याच उदाहरणात सरळ ८ अंशांचा उतार दिला तर दुसऱ्या रांगेला पुढच्याच्या डोळ्यावरून सुमारे ५ सेंटीमीटर मोकळीक मिळते, आणि शेवटच्या रांगेला जेमतेम १ सेंटीमीटर. म्हणजे मागे बसलेला प्रेक्षक पूर्ण प्रयोग पुढच्याच्या मानेआडून पाहतो. वक्र चढ प्रत्येक रांगेला वेगळी उंची मागतो, ते बांधकामाला अडचणीचे असेल तर तीन-चार रांगांचे गट करून प्रत्येक गटात एकच उंची ठेवावी. वाटेतल्या पायऱ्या मात्र एकसारख्या असाव्यात. रांगेची उंची २७ किंवा ३१ सेंटीमीटर असेल तिथे वाटेत दोन समान पायऱ्या कराव्यात. अंधारात पाय टाकणाऱ्याला पायरीची उंची अचानक बदललेली कळत नाही, आणि मराठी नाटकाच्या प्रेक्षकांत ज्येष्ठांचे प्रमाण मोठे आहे. प्रत्येक पायरीच्या कडेला मंद दिवा आणि चढ जास्त असेल तिथे हाताला धरायला कठडा देणे ही चैन नव्हे.

आडव्या दिशेची नजर कागदावर तपासता येते. रंगमंचाच्या नकाशावर प्रत्यक्ष अभिनयाच्या जागेचे मागचे दोन कोपरे खुणावावेत. प्रत्येक कोपऱ्यापासून दर्शनी चौकटीच्या त्याच बाजूच्या कडेला लागून जाणारी रेषा सभागृहात ओढावी. उजव्या कोपऱ्यातून उजव्या कडेला लागून गेलेल्या रेषेच्या बाहेर बसलेल्याला तो कोपरा दिसत नाही, डावीकडेही तसेच. दोन्ही रेषांच्या आत जी आसने येतात ती पूर्ण दृश्य पाहतात. सगळीच आसने आत बसवणे बहुधा जमत नाही. बाहेर राहणाऱ्या आसनांवरून मागच्या नेपथ्याचा किती भाग झाकला जातो हे मोजावे, आणि एक तृतीयांशाहून जास्त झाकला जात असेल तर ते आसन सोडून द्यावे. चौकट अरुंद आणि सभागृह रुंद असे असेल तर कडेची आसने नेहमीच फसतात. उलट बाजूनेही एक धोका आहे: फार कडेला बसलेल्याला विंगेत उभी असलेली पात्रे आणि कामगार दिसतात, आणि नाटकाचा भ्रम मोडतो. रांगा वर्तुळाच्या कमानीत लावल्या की कडेच्या माणसाला मान वळवून बसावे लागत नाही. मानकाप्रमाणे त्या वर्तुळांचा मध्य पडद्याच्या मागे, पडद्यापासून मागची भिंत जेवढी लांब तेवढ्या अंतरावर घ्यावा. म्हणजे कमान बरीच सपाट राहते, आणि तेच योग्य. फार वळवलेल्या रांगांत कडेचे प्रेक्षक रंगमंचापेक्षा एकमेकांकडेच जास्त पाहतात.

चौकटीशिवायच्या रंगमंचाला हे नियम तसेच लागू होत नाहीत. मुंबईत जुहूला १९७८ पासून चालू असलेल्या पृथ्वी थिएटरमध्ये प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात आणि आसने सुमारे दोनशे आहेत. अशा ठिकाणी कुणीही लांब नसतो, पण उंच नेपथ्य कुणाच्या तरी नजरेआड येतेच. त्यामुळे रांगा कमी, चढ खडा आणि नेपथ्य बुटके हा मेळ राखावा लागतो. प्रायोगिक नाटके करणाऱ्या संस्थांना छोटे सभागृह उभारायचे असेल तर हा प्रकार गंभीरपणे विचारात घेण्याजोगा आहे.

खुर्चीची रुंदी मानकात ४५ ते ५६ सेंटीमीटर दिली आहे. ४५ सेंटीमीटरच्या खुर्चीत तीन तास बसवणे हा प्रेक्षकावर अन्याय आहे. ५२ ते ५५ सेंटीमीटर धरावेत. एकाच रुंदीच्या खुर्च्या न घेता दोन-तीन रुंदीच्या घेतल्या तर वाटेची कड सरळ राखून खुर्च्या एकाआड एक सरकवता येतात. हे मागणी नोंदवतानाच ठरवावे लागते. रांगांमधले अंतर किमान ८५ सेंटीमीटर, आरामासाठी १०६ सेंटीमीटरपर्यंत. ८५ मध्ये बसता येते, पण कुणी मधून जाऊ लागला की सगळ्यांना उभे राहावे लागते. मोजायचे खरे माप वेगळेच आहे: बैठक आपोआप वर उचलली गेल्यावर तिची पुढची कड आणि पुढच्या खुर्चीची पाठ यांत उरणारी मोकळी जागा. ती ३० सेंटीमीटरहून कमी कधीच नसावी. फुगीर गादीच्या, जाड पाठीच्या खुर्च्या कागदावरच्या ९५ सेंटीमीटरांतून ही जागा खाऊन टाकतात. म्हणून खुर्चीचा नमुना निवडल्यानंतरच रांगांचे अंतर पक्के करावे.

वाटांच्या बाबतीत तडजोड करायला जागा नाही. दोन्ही टोकांना वाट असेल तर एका रांगेत १४ पर्यंत, एकाच टोकाला वाट असेल तर ७ पर्यंत खुर्च्या, हा अनेक देशांत रुळलेला दंडक आहे. मुख्य वाट किमान १.२ मीटर असावी आणि ती दरवाजाकडे जाताना कुठेही अरुंद होऊ नये. अंतिम आकडे राष्ट्रीय इमारत संहिता आणि स्थानिक अग्निशमन दल यांच्याकडून आराखड्याच्या टप्प्यावरच तपासून घ्यावेत, बांधकाम झाल्यावर नव्हे. या नियमांमागे माणसांचे जीव आहेत. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली आणि धुराने गुदमरून ५९ माणसे गेली. मृत्यू मुख्यतः बाल्कनीत झाले. त्या बाल्कनीत जादा आसने बसवण्यासाठी उजवीकडची वाट बंद केलेली होती आणि त्या बाजूच्या दरवाजासमोर खासगी बॉक्स उभारलेला होता. म्हणजे तिथे आसनांचा आराखडाच माणसांच्या आड आला. हाउसफुल्ल प्रयोगाला वाटेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती व्यवस्थापनाने एकदाही चालवून घेऊ नये. जादा प्रेक्षक येणार हे ठाऊक असेल तर त्यांची जागा आराखड्यातच असावी.

अगदी मधोमध उभी वाट ठेवणे टाळावे. सभागृहातली सर्वोत्तम आसने तिथेच असतात, आणि नटाला समोर प्रेक्षकांऐवजी रिकामी पट्टी दिसते. दोन वाटा आणि तीन भाग ही सर्वसाधारण रचना बरी. जर्मनीत बायरॉइथ इथे १८७६ मध्ये उघडलेल्या संगीतकार वाग्नरच्या नाट्यगृहात मधल्या वाटाच नाहीत. पंख्यासारख्या पसरलेल्या सलग लांब रांगा आहेत आणि बाजूंना अनेक दरवाजे. या पद्धतीत दृश्य सुरेख मिळते, पण रांगांमधली मोकळी जागा ५० सेंटीमीटरच्या आसपास ठेवावी लागते आणि दरवाजे दर काही रांगांमागे लागतात. उशिरा येणाऱ्यांना सामावून घेणाऱ्या आपल्या सभागृहांना ती अवघड जाते. उशिरा येणाऱ्यांसाठी मागच्या दरवाजाजवळची एक रांग राखून ठेवणे अधिक व्यवहार्य.

बाल्कनी करायचीच असेल तर तिच्याखालच्या प्रेक्षकांचा विचार आधी करावा. बाल्कनी जेवढी पुढे येते ती खोली तिच्याखालच्या मोकळ्या उंचीच्या दुपटीपेक्षा जास्त नसावी. गाण्याला प्राधान्य असेल तर खोली आणि उंची सारखी ठेवावी. शेवटच्या रांगेतून दर्शनी चौकटीची वरची कड दिसते का हे तपासावे. ती दिसत नसेल तर छतावरून परावर्तित होऊन येणारा आवाजही तिथे येत नाही. बाल्कनीतून खाली पाहणाऱ्या नजरेचा कोन ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, नाही तर नटांची टाळकी तेवढी दिसतात. कठड्याचा पेच नेहमीचा आहे. सुरक्षेसाठी तो उंच हवा, पण उंच झाला की पहिल्या रांगेचा रंगमंच झाकतो. आसनांसमोर तो बसलेल्याच्या नजरेच्या खाली आणि पुरेसा रुंद ठेवावा, आणि जिथे वाट उतरून कठड्याशी येते तिथे १.१ मीटर उंच करावा.

खुर्च्या आणि माणसे ही सभागृहातली सर्वांत मोठी ध्वनिशोषक सामग्री असते. भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन याला १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहातील घुमणारा आवाज दुरुस्त करायला सांगितले होते. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्यांची संख्या कमी-जास्त करत, आवाज विरायला लागणारा वेळ मोजला. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया या गाद्यांवर घातला गेला. व्यवहारात याचा अर्थ असा की गादीची खुर्ची रिकामी असताना जेवढा आवाज शोषते, तेवढाच माणूस बसल्यावर शोषला जावा. तसे झाले तर तालमीतला आणि भरल्या प्रयोगातला आवाज सारखा राहतो, आणि अर्धे सभागृह रिकामे असले तरी संवाद घुमत नाहीत. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या उघड्या खुर्च्यांत हे साधत नाही. पाठीची गादी खांद्यांपर्यंतच असावी, त्याहून उंच पाठ मागच्या माणसाचा आवाज आणि दृश्य दोन्ही अडवते. आवाज प्रेक्षकांच्या डोक्यांना घासून जाताना खुर्च्यांच्या ओळी त्यातले खालचे स्वर खातात, हे १९६४ मध्ये मोजमापांनी दाखवले गेले. चांगला चढ हाच त्यावरचा मुख्य उपाय. नाटकासाठी सभागृहाचे घनफळ दर आसनामागे ४ ते ५ घनमीटर धरावे. पाचशे आसनांना दोन ते अडीच हजार घनमीटर पुरतात.

कापड निवडताना इथले हवामान विसरू नये. रेक्झिन पुसायला सोपे, पण उकाड्यात अंगाला चिकटते आणि आवाज परत फेकते. जाड मखमल कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमट राहून वास धरते. घट्ट विणीचे, आग सहज न पकडणारे, काढून धुता येणारे कापड आणि तशाच प्रतीचा फोम घ्यावा. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाल्यानंतर याबाबत हयगय करण्याचे कारण उरत नाही. गाद्यांच्या शिवणी आणि लाकडी सांधे जेवढे कमी, तेवढी ढेकणांना जागा कमी. बैठक वर उचलली जाताना आवाज होतो का, हे नमुन्याची खुर्ची शांत खोलीत उघडझाप करून तपासावे. एका खुर्चीची किरकोळ करकर पाचशे खुर्च्यांत नाटकाचा शांत प्रसंग बुडवते. खरेदीबरोबरच सुटे भाग आणि त्याच रंगाचे जादा कापड घेऊन ठेवावे.

अपंग प्रेक्षकांची सोय २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वास्तूंवर बंधनकारक केली आहे. चाकाच्या खुर्चीला साधारण ९० सेंटीमीटर रुंद आणि १.२ ते १.४ मीटर खोल सपाट जागा लागते. ती सगळी शेवटच्या रांगेमागे एकत्र ढकलू नये. पुढे, आडव्या वाटेवर आणि मागे अशी विभागून द्यावी, आणि प्रत्येक जागेशेजारी सोबत्याची खुर्ची असावी. कुटुंबातला एक माणूस वेगळा बसवणे म्हणजे सोय नव्हे. पुढचा माणूस टाळ्या वाजवायला उभा राहिला तरी चाकाच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला दिसेल एवढी उंची तिथे हवी. प्रवेशद्वारापासून त्या जागेपर्यंत एकही पायरी नसावी, आणि स्वच्छतागृहही त्याच पातळीवर असावे. वाटेकडच्या काही खुर्च्यांचे हात वर उचलता येतील असे घ्यावेत, त्याचा गुडघेदुखीच्या प्रेक्षकांनाही उपयोग होतो.

सपाट जमिनीचे बहुउद्देशीय सभागृह हा वेगळा प्रकार. तिथे मांडलेल्या खुर्च्यांच्या पाच-सहा रांगांपलीकडे कुणालाच नीट दिसत नाही. रंगमंच उंच करून हा प्रश्न सुटत नाही. मागच्या भागासाठी सरकते किंवा घडीचे चढते मंच घेणे हाच उपाय. मैफलीसाठी पुढे भारतीय बैठक घालावी. खाली बसलेल्याचा डोळा सुमारे ७५ सेंटीमीटरवर येतो, त्यामुळे बैठकीमागच्या पहिल्या काही रांगांना खुर्चीवरून अडथळ्याविना दिसते. पुढे बैठक, मग खुर्च्या, मग मंचावरच्या खुर्च्या अशी तीन पातळ्यांची रचना सपाट सभागृहातही चांगली जमते. सुट्या खुर्च्या चार-चारच्या गटात एकमेकींना जोडाव्यात, म्हणजे गडबडीत त्या वाटेत कोसळत नाहीत.

ध्वनियंत्रकाची जागा सभागृहाच्या आत, मधल्या किंवा मागच्या रांगांत, बाल्कनीच्या छताबाहेर असावी. काचेमागच्या खोलीत बसलेल्याला प्रेक्षकांना काय ऐकू येते ते कळत नाही. त्यासाठी सहा-आठ आसने सोडावी लागतात. ती आराखड्यातच सोडली नाहीत, तर पुढे प्रत्येक प्रयोगाला विकलेल्या खुर्च्यांवर टेबल मांडावे लागते आणि भांडणे होतात.

क्रमांक देण्याचे काम शेवटी आणि निष्काळजीपणे केले जाते. रोमन अक्षरे वापरली तर आय आणि ओ वगळावेत, कारण ती अंकांसारखी दिसतात. मराठी अक्षरे वापरली तर ङ आणि ञ वगळून घ-ध, भ-म या जोड्यांतले एकेकच अक्षर घ्यावे. मंद उजेडात ती सारखीच दिसतात. डावी-उजवी बाजू रंगमंचाकडे तोंड करून बसलेल्या प्रेक्षकाची धरावी, आणि तिकीटबारीवरचा प्लॅन, ऑनलाइन नकाशा, दरवाजावरच्या पाट्या यांत तीच वापरावी. अक्षर रांगेच्या टोकाला, पायरीजवळ, प्रकाशित असावे. ज्या थोड्या आसनांवरून दृश्य अंशतः झाकले जाते ती प्लॅनवर वेगळ्या रंगाने दाखवून कमी दरात विकावीत. प्रेक्षक ते समजून घेतो, न सांगितलेले मात्र विसरत नाही.

खुर्च्या बोल्टने पक्क्या करण्यापूर्वी एक चाचणी करावी. काँक्रीटचा चढ तयार झाल्यावर पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन जागी, तसेच दोन्ही कडांना, खऱ्या उंचीची नमुना खुर्ची ठेवावी. तिच्यापुढे सरकवलेल्या जागी दोन माणसे बसवावीत, त्यांतला एक उंच असावा. रंगमंचाच्या कडेवर एक वस्तू जमिनीलगत ठेवावी आणि एका नटाला मागच्या कोपऱ्यातून नेहमीच्या आवाजात बोलायला सांगावे, ध्वनिक्षेपकाशिवाय. ज्या जागेवरून वस्तू दिसत नाही किंवा शब्द कळत नाहीत, तिच्या आसपासची आसने नकाशावर खुणावून त्यांचा निर्णय तेव्हाच घ्यावा: सरकवायची, कमी दराची ठरवायची की काढून टाकायची. जुन्या नाट्यगृहाचे नूतनीकरण करतानाही हीच चाचणी जुन्या खुर्च्या काढण्याआधी करावी, म्हणजे कोणत्या रांगा पुन्हा बसवायच्या आणि कोणत्या नाहीत ते कंत्राट देण्यापूर्वी ठरते.